टायटॅनिकची बिनतारी खोली : पडद्यावरची आणि प्रत्यक्षातली

विद्युतचुंबकीय लहरींचे उपयोग शिकवताना समुद्रावरील बिनतारी संदेशवहनाचा विषय निघाला, की टायटॅनिकचे नाव आल्याशिवाय राहत नाही. ते साहजिकही आहे. मोठ्या अपघातात बिनतारी यंत्राने शेकडो माणसे वाचवली, ही गोष्ट मुलांना पटकन भावते. आता अनेक शाळांत चित्रपट दाखवण्याची सोय झाल्यामुळे शिक्षक या धड्याला जोडून टायटॅनिकवरील एखाद्या चित्रपटाचा भाग दाखवतात. दाखवण्याजोगे प्रमुख चित्रपट दोन आहेत. पहिला रॉय वॉर्ड बेकर यांचा १९५८ सालचा 'अ नाइट टु रिमेंबर' हा कृष्णधवल चित्रपट. तो वॉल्टर लॉर्ड यांच्या १९५५ सालच्या त्याच नावाच्या पुस्तकावर आधारलेला आहे. दुसरा जेम्स कॅमेरॉन यांचा १९९७ सालचा 'टायटॅनिक'. अकरा ऑस्कर मिळवलेला हा चित्रपट आपल्याकडेही उदंड चालला. अभिनय, संगीत आणि प्रेमकथा यांविषयी बोलण्याचा आमचा अधिकार नाही. विज्ञानाच्या तासाला हे चित्रपट दाखवले तर मुलांच्या मनात बिनतारी संदेशवहनाविषयी कोणती समजूत रुजते, एवढ्याच प्रश्नापुरती ही समीक्षा आहे.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. दोन्ही चित्रपटांनी संदेश पाठवणाऱ्याला न्याय दिला आहे. संदेश ऐकणाऱ्याला न्याय दिला आहे तो फक्त जुन्या चित्रपटाने. आणि समुद्रावरील बिनतारी संदेशवहन भरवशाचे कसे झाले, ही सगळी कथा ऐकणाऱ्याची आहे.

प्रथम यंत्राविषयी. टायटॅनिकवरील मार्कोनी कंपनीचा प्रेषक पाच किलोवॅटचा होता आणि त्या काळच्या जहाजांवरील अत्यंत शक्तिमान प्रेषकांत त्याची गणना होत असे. कंपनीने हमी दिलेला पल्ला २५० मैलांचा असला, तरी रात्री तो कितीतरी वाढे. दिवसा सूर्यप्रकाशामुळे आयनांबराचा सर्वांत खालचा थर या लहरी शोषून घेतो. रात्री तो थर जवळजवळ नाहीसा होतो आणि लहरी वरच्या थरांवरून परावर्तित होऊन दूरवर जातात. धडकेनंतर पाठवलेली हाक सुमारे ५०० मैलांवरच्या ऑलिंपिक या भावंड-जहाजाने ऐकली, न्यूफाउंडलंडच्या केप रेस केंद्राने ऐकली, आणखीही काही जहाजांनी ऐकली. ऐकली नाही ती अगदी जवळ उभ्या असलेल्या कॅलिफोर्नियन या जहाजाने. हे जहाज नेमके किती दूर होते याविषयी आजही वाद आहे. ब्रिटिश चौकशी आयोगाने आठ ते दहा मैल मानले, तर जहाजाच्या स्वतःच्या नोंदीप्रमाणे अंतर एकोणीस मैलांहून अधिक निघते. कोणताही आकडा धरा. पाचशे मैलांवर पोचलेली हाक वीस मैलांच्या आत पोचली नाही, ही गोष्ट बदलत नाही. या प्रकरणातून विज्ञानाच्या विद्यार्थ्याने शिकायची सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे, आणि १९९७ च्या चित्रपटात ती नाही.

नाही म्हणजे अजिबात नाही. चित्रपटगृहांत दाखवलेल्या आवृत्तीत कॅलिफोर्नियन येतच नाही. कप्तान बिनतारी खोलीत येतो, मदतीची हाक द्यायला सांगतो. पुढे कार्पेथिया हे एकच जहाज मदतीला येण्याजोगे आहे आणि त्याला चार तास लागतील, असे कळते. प्रेक्षकाचा ग्रह असा होतो, की यंत्राने आपले काम चोख केले, दैवाने साथ दिली नाही. समुद्र मोठा, जहाजे थोडी, त्याला कोण काय करणार! दिग्दर्शकाने कॅलिफोर्नियनच्या बिनतारी चालकाचा प्रसंग चित्रित केला होता, पण लांबी आटोक्यात ठेवण्यासाठी तो कापला गेला. तीन तासांहून मोठ्या चित्रपटात या प्रसंगासाठी दोन मिनिटे सापडू नयेत, याचे आम्हाला वाईट वाटते. कथेच्या दृष्टीने तो कदाचित आडवळणाचा असेल. विज्ञानाच्या दृष्टीने मात्र तोच मुख्य रस्ता होता.

तो प्रसंग असा. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री अकराच्या सुमारास कॅलिफोर्नियनचा चालक सिरिल इव्हान्स याने टायटॅनिकला कळवले, की आपण बर्फाने वेढले गेलो असून थांबलो आहोत. टायटॅनिकचा ज्येष्ठ चालक जॅक फिलिप्स त्या वेळी केप रेसशी प्रवाशांच्या खाजगी तारांची देवघेव करत होता. त्याने इव्हान्सला फटकारून गप्प केले. इव्हान्सने थोडा वेळ कानावर श्रवणयंत्र ठेवले आणि साडेअकरानंतर तो झोपायला गेला. त्यानंतर काही मिनिटांतच, ११ वाजून ४० मिनिटांनी, टायटॅनिक हिमनगावर आदळले.

जुन्या चित्रपटात हे सारे आहे. परंतु त्यातही फिलिप्सचे वागणे हा स्वभावाचा किंवा थकव्याचा भाग वाटतो. वर्गात येथे चित्रपट थांबवून भौतिकी सांगायला हवी. तो काळ ठिणगी-प्रेषकांचा होता. विद्युत ठिणगीतून निघणारी लहर तबल्यावर पडलेल्या थापेसारखी असते. जोरात सुरू होते आणि विरत जाते. अशा विरत्या लहरीची ऊर्जा एका वारंवारतेवर न राहता आजूबाजूच्या वारंवारतांवर पसरते. त्या वेळच्या ग्राहक यंत्रांची निवडशक्तीही बेताची होती. त्यामुळे जवळच्या जहाजाने किल्ली दाबली, की दूरच्या केंद्राचा क्षीण आवाज त्याखाली बुडून जाई. केप रेसचा बारीक सूर कान देऊन टिपणाऱ्या माणसाच्या कानात शेजारच्या इव्हान्सची हाक किती मोठ्याने आदळली असेल, याची कल्पना करावी. ज्याची सूचना सर्वांत मोलाची, त्याचाच आवाज सर्वांत त्रासदायक, अशी ती रचना होती. फिलिप्सच्या जागी शांत स्वभावाचा माणूस असता तर कदाचित बोलणे गोड झाले असते, अडथळा मात्र तेवढाच झाला असता.

शिवाय कप्तानाकडे नेलाच पाहिजे असा संदेश ओळखण्यासाठी त्याच्या आरंभी एक ठरावीक खूण लावण्याचा प्रघात होता. इव्हान्सने ती लावली नव्हती. गप्पा मारावेत तसे सांगायला त्याने सुरुवात केली होती. संदेशाचा मजकूर आणि संदेशाचा दर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज संगणकांच्या जाळ्यात प्रत्येक संदेशापुढे अशा खुणांची माळ असते, हे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना सांगता येईल.

आता दुसरा प्रसंग. कॅलिफोर्नियनच्या अधिकाऱ्यांना मध्यरात्रीनंतर दूरवर पांढरे अग्निबाण दिसले. त्यांनी दिव्याच्या उघडझापीने संकेत करून पाहिले. पण इव्हान्सला कोणी उठवले नाही. तो उठवला गेला पहाटे, जहाज बुडून तीन तास झाल्यावर. १९५८ च्या चित्रपटात अग्निबाण पाहणारे अधिकारी आणि इकडे गाढ झोपलेला चालक यांची दृश्ये आहेत, आणि ती पाहताना आजही जीव कासावीस होतो. त्यात आक्रस्ताळेपणा नाही, कोणाला खलनायक केलेले नाही. एक दार ठोठावायचे राहिले, एवढेच दिसते. आमच्या मते संदेशवहनाच्या विश्वासार्हतेवर पडद्यावर आलेल्या उत्तम दृश्यांपैकी हे एक आहे, जरी दिग्दर्शकाच्या मनात हा विषय त्या नावाने नसला तरी.

याच्याशी निगडित एक बारीकशी हकिकत लॉर्ड यांच्या पुस्तकात आहे. इव्हान्स झोपायला गेल्यावर ग्रोव्ह्ज नावाचा अधिकारी त्याच्या खोलीत आला. बिनतारीची हौस असल्याने त्याने श्रवणयंत्र कानाला लावले. काहीच ऐकू आले नाही, म्हणून ते ठेवून तो गेला. जहाजावरील ग्राहक चुंबकीय जातीचा होता. त्यात लोखंडी तारांचा पट्टा घड्याळासारख्या किल्लीच्या यंत्रणेने चुंबकांसमोरून सतत फिरत राही. किल्ली उतरली की पट्टा थांबे आणि ग्राहक बहिरा होई. किल्ली द्यायची असते हे ग्रोव्ह्जला ठाऊक नव्हते. शांत आकाश आणि बंद पडलेले यंत्र, कानाला दोन्ही सारखेच. हे वाक्य आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, कारण अभियांत्रिकीत त्याच्याइतके महाग पडणारे दुसरे काही क्वचितच असेल. जे यंत्र आपण बंद आहोत हे सांगू शकत नाही, ते चालू असतानाही अर्धेच विश्वासार्ह असते.

कार्पेथियाचे काय? तिचा चालक हॅरॉल्ड कोटॅम हाही एकटाच होता आणि झोपण्याच्या तयारीत होता. दुसऱ्या एका जहाजाच्या उत्तराची वाट पाहत त्याने श्रवणयंत्र कानावर तसेच ठेवले होते. केप कॉड केंद्राकडे टायटॅनिकसाठी तारा साठल्या आहेत, एवढे सांगायला त्याने सहज हाक दिली, तेव्हा त्याला अपघात कळला. सातशेहून अधिक माणसे वाचली ती बिनतारीमुळे, हे खरेच आहे. पण एका चालकाने श्रवणयंत्र काढले आणि एकाने काढले नाही, या फरकावर ती वाचली. 'मार्कोनीच्या शोधाने प्राण वाचवले' असे सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतून छापले जाते, त्यात ही योगायोगाची बाजू कुठेच नसते.

हा योगायोग त्या काळच्या कायद्यातही दिसतो. जानेवारी १९०९ मध्ये रिपब्लिक आणि फ्लोरिडा या जहाजांची टक्कर झाली. बिनतारीने मदत बोलावता आली आणि बहुतेक सारे वाचले. त्या यशाने भारावून अमेरिकेने १९१० साली कायदा केला, की ५० किंवा अधिक माणसे नेणाऱ्या जहाजांवर किमान १०० मैल पल्ल्याचे यंत्र आणि एक कुशल चालक असावा. पल्ला लिहिला, यंत्र लिहिले, माणूसही लिहिला. त्या माणसाने झोपावे केव्हा आणि तेव्हा ऐकावे कोणी, हे लिहायचे राहिले. टायटॅनिकनंतर जुलै १९१२ मध्ये ती दुरुस्ती झाली : दोन चालक, अखंड श्रवण आणि मुख्य वीज गेली तरी चालणारा राखीव वीजस्रोत. जानेवारी १९१४ मध्ये लंडन येथे झालेल्या सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारातही हीच कलमे आली. लक्षात घ्या, यात प्रेषकाची शक्ती वाढवा असे मुख्य कलम नाही.

पुढच्या सुधारणा तर चित्रपटाचा विषय व्हाव्यात इतक्या सुंदर आहेत. पण त्यांत कोणी बुडत नाही, म्हणून त्यांवर चित्रपट निघणार नाही. संकटाच्या हाकेसाठी ६०० मीटर तरंगलांबी ठरली. मुलांना भागाकार करू द्या, ५०० किलोहर्ट्झ येईल. या वारंवारतेवर दर तासाला दोनदा, पंधराव्या ते अठराव्या आणि पंचेचाळिसाव्या ते अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला, सर्वांनी गप्प राहून फक्त ऐकायचे असा नियम झाला. जहाजाच्या बिनतारी खोलीतील घड्याळाच्या तबकडीवर ही तीन-तीन मिनिटे लाल रंगाने रंगवलेली असत. क्षीण प्रेषकाची हाकही ऐकू यावी म्हणून साऱ्या समुद्राने तीन मिनिटे मौन पाळायचे! यंत्राला एक पैशाचाही खर्च न करता साधलेली ही सुधारणा आहे.

ज्या जहाजांना अहोरात्र चालक परवडत नव्हते, त्यांच्यासाठी स्वयंचलित घंटा आली. संकटाची हाक देण्याआधी चार-चार सेकंदांचे बारा लांब संकेत, मध्ये एकेक सेकंद थांबून पाठवायचे. एकूण एक मिनिट. नेहमीच्या मोर्समध्ये चार सेकंदांची रेघ कधीच येत नाही आणि विजेच्या कडकडाटातून नेमक्या त्याच मापाचे तीन-चार संकेत ओळीने निघणे जवळजवळ अशक्य. ग्राहकाने असे संकेत ओळखले, की झोपलेल्या चालकाच्या उशाशी घंटा वाजे. यंत्राचा वीजपुरवठा तुटला तरीही ती वाजावी अशी योजना त्यात होती. ग्रोव्ह्जच्या कानातल्या त्या फसव्या शांततेला दिलेले हे उत्तर आहे. वर्गात शिट्टी आणि घड्याळ घेऊन हा संकेत वाजवून दाखवता येतो. एक विद्यार्थी डोळे मिटून बसला तरी इतर गोंगाटातून तो ओळखतो, असा आमचा अनुभव आहे.

आणखी एका बाबतीत दोन्ही चित्रपट गप्प आहेत. टायटॅनिकने दिलेले स्वतःचे स्थान चुकीचे होते. सप्टेंबर १९८५ मध्ये जहाजाचे अवशेष सापडले ते कळवलेल्या स्थानापासून सुमारे तेरा सागरी मैलांवर. जुन्या चित्रपटाला याबद्दल दोष देता येत नाही. ते स्थान काढणारे चौथे अधिकारी जोसेफ बॉक्सहॉल हेच त्या चित्रपटाचे सल्लागार होते, हा मात्र मोठा गमतीचा भाग! १९९७ च्या चित्रपटाची तर सुरुवातच समुद्रतळावरील अवशेषांपासून होते. कॅमेरा तेथे पोचला, पण कळवलेले स्थान आणि हे स्थान वेगळे आहे, हे सांगायला एक वाक्यही खर्च झाले नाही. कार्पेथियाच्या वाटेतच जीवनौका लागल्या म्हणून निभावले. संदेश स्पष्ट ऐकू आला, अक्षरशः बरोबर उतरवला गेला, आणि तरी चुकीचा होता. संदेशवहनाच्या पुस्तकांत हा प्रकार सहसा मोजला जात नाही.

१ फेब्रुवारी १९९९ पासून मोठ्या जहाजांसाठी संकट-संदेशवहनाची नवी जागतिक व्यवस्था पूर्णपणे लागू झाली आणि मोर्सचा काळ संपला. उपग्रह, ४०६ मेगाहर्ट्झवर आपोआप हाक देणारे तरंगते दीपक, एका बटणासरशी स्थानासह जाणारा अंकीय संकेत हे तिचे घटक आहेत. टायटॅनिकवरचे सारे प्रश्न सुटले, असे यावरून वाटेल. पण ही सक्ती आंतरराष्ट्रीय प्रवासातील प्रवासी जहाजांना आणि ३०० टनांवरील मालवाहू जहाजांना आहे. आपल्या कोकण किनाऱ्यावरचा तांडेल तिच्या बाहेर आहे.

त्याच्याजवळ बहुधा व्हीएचएफ संच असतो. या लहरी आयनांबरावरून परतत नाहीत. जवळजवळ सरळ जातात आणि पृथ्वीच्या गोलाईआड अडतात. दोन अँटेनांच्या मीटरमधील उंचींची वर्गमुळे मिळवून ४.१२ ने गुणले, की पल्ला किलोमीटरमध्ये मिळतो. दोन बोटींच्या काठ्या चार-चार मीटरच्या असतील तर उत्तर साडेसोळा किलोमीटर. किनाऱ्यावर शंभर मीटर उंचीचा मनोरा असला तरी पन्नासाच्या आतच. प्रेषकाची शक्ती दुप्पट करून यात फारसा फरक पडत नाही, कारण अडचण शक्तीची नसून गोलाईची आहे. ३० नोव्हेंबर २०१७ रोजी कन्याकुमारीजवळ ओखी चक्रीवादळ तयार झाले, तेव्हा केरळ-तामिळनाडूच्या कित्येक बोटी आधीच खोल समुद्रात होत्या. किनाऱ्यावर इशारा होता, तो त्यांच्यापर्यंत नेणारा मार्ग नव्हता. शेकडो मच्छीमार मेले किंवा बेपत्ता झाले. वाचलेल्यांपैकी अनेक बोटी भरकटत, वाट काढत देवगडपर्यंत आल्या.

त्यानंतरच्या उपायांकडे टायटॅनिकच्या चष्म्यातून पाहिले तर बरेच उमगते. इस्रोचे संकटसूचक यंत्र २०१० पासून वापरात होते. आग, बोट बुडणे, वैद्यकीय मदत असे कारण निवडून बटण दाबले, की उपग्रहामार्फत हाक नियंत्रण केंद्राकडे जाई. पण हाक पोचली की नाही, हे बोटीवर कळत नसे. ऑक्टोबर २०१९ मध्ये हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचे जेमिनी यंत्र आले. ते गगन उपग्रहांवरून वादळाचे इशारे मच्छीमाराच्या मोबाइलवर आणते, मात्र त्यावरून उलट काही कळवता येत नाही. एकाला तोंड होते, दुसऱ्याला कान. जानेवारी २०२४ मध्ये इस्रोने संकटसूचकाची दुसरी पिढी जाहीर केली, तिच्यात 'हाक मिळाली' अशी पोच बोटीवर परत येते. मग ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे एक लाख मासेमारी नौकांवर टप्प्याटप्प्याने दुतर्फा संदेश-यंत्रे बसवण्याच्या सुमारे ३६० कोटी रुपयांच्या योजनेचा प्रारंभ झाला. या यंत्रांविषयी बातम्या वाचताना पल्ला आणि किंमत यांबरोबरच आणखी काही विचारायला हवे : रात्री तीन वाजता दुसऱ्या टोकाला कोण बसलेले असते, यंत्र बंद पडले तर तांडेलाला कसे समजते, आणि खोट्या हाकांनी कंटाळलेला माणूस खरी हाक कशी ओळखतो? उपग्रह-दीपकांच्या हाकांपैकी बहुसंख्य हाका चुकून दिलेल्या निघतात, म्हणून हा शेवटचा प्रश्न किरकोळ नाही.

तर वर्गात कोणता चित्रपट दाखवावा? आमची शिफारस निःसंशय १९५८ च्या चित्रपटाची आहे. तो कृष्णधवल आहे, संथ आहे, मुले पहिली दहा मिनिटे चुळबुळ करतील. संपूर्ण दाखवायला वेळ नसेल तर बर्फाच्या इशाऱ्याचा कागद इतर कागदांखाली जातो तेथपासून अग्निबाणांपर्यंतचा भाग पुरे. अग्निबाण दिसताच चित्र थांबवावे आणि या क्षणी हाक पोचण्यासाठी कोणकोणत्या गोष्टी चालू असायला हव्या होत्या, ते मुलांना फळ्यावर लिहायला सांगावे. प्रेषक आणि ग्राहक ही दोन नावे लगेच येतात. वीज, ठरलेली वारंवारता, जागा माणूस, किल्ली दिलेले यंत्र, बरोबर स्थान आणि पोच यायला वेळ लागतो, तो द्यावा. ज्या शाळेत १९९७ चाच चित्रपट हाताशी असेल तिने त्याची २००५ साली निघालेली विशेष डीव्हीडी मिळवावी. कापलेला कॅलिफोर्नियनचा प्रसंग तिच्यात स्वतंत्रपणे दिलेला आहे, आणि धडकेच्या दृश्याआधी तो दाखवला की चित्रपट बराच सुधारतो.